साहेबांच्या पोटातले मणी

तो आत आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की मला बोलता येत नाही, आणि बोलता आलं नाही की मला कसंतरीच होतं. दुकानात सगळे म्हणतात, हिच्या तोंडात कायमच्या टाचण्या ठेवा, काम दुप्पट होईल. म्हणू देत. त्यांचं काय जातंय.

पडदे शिवणं हे माझं काम. दुकान दुसऱ्याचं, हात माझे. त्या सकाळी मला एका नव्या दवाखान्यातल्या मोठ्या खिडकीचं माप घ्यायला पाठवलं होतं. पक्ष्यांचा दवाखाना. असा काही दवाखाना असतो हेच मला माहीत नव्हतं. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, काचेवरून थेंब ओघळत होते आणि आतल्या कुठल्याशा पिंजऱ्यातून कुणीतरी सारखं नाराजीनं चुकचुकत होतं. पक्ष्यांचा डॉक्टर म्हणजे कुणी पिकल्या केसांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ असणार, असं मी धरून चालले होते. हा निघाला माझ्याहून थोडाच मोठा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डाव्या खांद्यावर कुणा पाखरानं टाकलेला पांढरा ठिपका. त्याचा त्याला पत्ताच नव्हता. मी उंचावर होते म्हणून मला आधी तोच दिसला.

“जपून,” तो म्हणाला. “पडलात तर माझा काही उपयोग नाही. मला फक्त पंख जोडता येतात.”

मी टाचण्या काढल्या. “आणि तुमच्या खांद्यावर ही सही कुणाची?”

त्यानं खांद्याकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. हा शांतपणे म्हणाला की सकाळची पहिली पेशंट होती, स्वभावानं फार प्रेमळ आहे. आणि हसला. त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. मी फितीवरचा आकडा विसरले आणि माप पुन्हा घ्यायला लागले.

खिडकीच्या कठड्यावर एक काचेची बशी होती. ती बाजूला ठेवताना मला वाटलं, शिवणाच्या डब्यातलं काहीबाही असेल. घंटीतला लोलक, बाहुलीचा एक डोळा, रबराचा तुकडा, साखळीची कडी. विचारलं तर म्हणाला, हे सगळं कुणा ना कुणा पक्ष्याच्या पोटातून काढलेलं आहे. पोपटांची खेळणी बनवणारे पोपटाकडे बघतच नाहीत, विकत घेणाऱ्याकडे बघतात, असं त्याचं म्हणणं. माणसाला रंग आवडतो, चकाकी आवडते, छुमछुम आवडते. पोपटाला समोर आलेली वस्तू मोडून बघायला आवडते. सुटणारा धागा, निघणारी घंटी, मुलामा दिलेला हुक, काहीही चालतं त्याला. सांगता सांगता तो चक्क रागावला होता. खेळण्यांवर रागावलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगू, मला तो राग आवडला.

मग मी कशाला मागे राहते. म्हटलं, मला सगळं माहीत आहे, माझ्याकडे साहेब आहेत. साहेब म्हणजे माझ्या मावशीचा पोपट. राखाडी अंग, लाल शेपूट, आणि चालणं असं की हपिसात आता सगळ्यांना झापायला निघालेत. मावशीचं लग्न झालं नाही. साहेब तिच्याकडे आले तेव्हा मी शाळेत होते. नोकरीसाठी या गावात आले तशी मी तिच्याच घरी राहते, म्हणजे खरं तर त्या दोघांच्या घरी राहते. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढे व्यायामासाठी तिला इस्पितळातच ठेवून घेतलं होतं, आणि तेवढे दिवस साहेब माझ्या हवाली. जाताना ती मला एवढंच म्हणाली होती, “माझं माणूस आहे तो. सांभाळ.” मी सांभाळत होतेच. पिंजऱ्यातली घंटी काढून टाकली होती, सुती दोरीचा झोपाळा काढला होता, रंग नसलेले लाकडी ठोकळे तेवढे ठेवले होते. हे सगळं मी स्टुलावरून त्याला ऐकवलं. तो मान डोलवत राहिला. परीक्षेत पास झाल्यासारखं मला वाटलं, आणि पास झाले की माझी जीभ सुटते.

“शिवाय साहेबांचं माझ्यावर प्रेम बसलंय,” मी म्हटलं. “आधी मला ढुंकून विचारायचे नाहीत. आता रोज सकाळी पोटातला घास काढून माझ्यापुढे टाकतात. मी वाचलंय कुठेतरी, पोपट ज्याच्यावर जीव लावतो त्याला असं भरवतो.”

“भरवतो,” तो म्हणाला. “नशीबवान आहात. घास काढताना मान कशी हलवतात?”

“म्हणजे?”

“करून दाखवा ना.”

एरवी परक्या माणसापुढे मी असला चाळा केला नसता. पण त्याचे डोळे हसत होते. मी स्टुलावर उभ्या उभ्या मान आडवी झटकून दाखवली, साहेब झटकतात तशी, इकडून तिकडे. म्हटलं, मग दाणे सगळीकडे उडतात, भिंतीवर, माझ्या बाहीवर, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरही.

त्याचं हसू गेलं. प्रेमातला पोपट मान वर-खाली करतो, तो हळू म्हणाला. तालात. आणि घास नीट समोर ठेवतो, उडवत नाही. मग त्यानं भराभर विचारलं. डोक्यावरची पिसं चिकट झालीत का? शी हिरवी होते का? दांडीवर बसताना तोल जातो का? बोलणं कमी झालंय का? प्रत्येक प्रश्नाला मला हो म्हणावं लागलं. साहेबांचं एकच पेटंट वाक्य होतं, मावशीच्या आवाजातलं ‘झालं का?’, आणि ते मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, प्रेमात पडल्यामुळे गंभीर झालेत.

“खाली उतरा,” तो म्हणाला, आणि हात पुढे केला. “प्रेम नाही हे. आजार आहे. आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन या.”

फीत तिथेच लोंबकळत ठेवून मी गेले.

साहेबांना टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, डोळे मिटून फुगून बसले होते. दवाखान्यात त्यानं त्यांना टॉवेलात असं गुंडाळलं की त्यांना राग येण्याआधीच काम झालं. खेळण्यांची पिशवीही मी बरोबर आणली होती. एकेक ठोकळा त्यानं फिरवून, नखानं खरवडून बघितला. कुठे काही सापडलं नाही. म्हणाला, खेळणी अगदी बिनचूक आहेत. मला जरा धीर आला.

मग एक्स-रे आला. काळ्यावर साहेबांची बारीक हाडं, आणि खाली पोटात पांढरेशुभ्र गोल ठिपके. झगझगीत. तो त्यावर वाकून म्हणाला, धातू आहे, पण इतके सारखे, इतके गोल... हे खेळण्यातलं नाही. घरात असं काय आहे?

मला विचार करावाच लागला नाही. असले मणी मी रोज हाताळते. चांगला पडदा फुगत नाही, उडत नाही, सरळ पडतो, कारण त्याच्या खालच्या दुमडीत वजनाची दोरी घातलेली असते. कापडाच्या बारीक नळीत एकापुढे एक ओवलेले शिशाचे मणी. मावशीची पिंजऱ्यावर टाकायची जुनी चादर सारखी घसरायची, साहेबांना झोप लागायची नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी खोळ शिवली होती. गडद निळी, चुण्यांची, आणि खाली दुमडीत वजन घालून. माझ्या हातचं कापड वाऱ्यानं उडेल हे मला कसं चालेल? खेळण्यांवरची प्रत्येक घंटी मी काढली, आणि विष मात्र स्वतःच्या हातानं शिवून त्यांच्या भोवती लावलं. सकाळी खोळ काढेपर्यंत त्यांना वेळच वेळ असायचा. गजांतून चोच घालायची आणि एकेक टाका उसवायचा.

हे सगळं मी त्याला सांगून टाकलं. मग त्यानं माझ्याकडे स्टूल सरकवलं, तेच सकाळचं स्टूल, आणि म्हणाला की शिसं आहे हे कळलं ते फार बरं झालं, कारण आता औषध कुठलं द्यायचं ते नक्की आहे. मला रडायला आलं. त्यानं रुमाल दिला, तो स्वच्छ होता याचं मला तशातही नवल वाटलं.

साहेबांना दवाखान्यातच ठेवलं, काचेच्या उबदार पेटीत. रक्तातलं शिसं उतरवायला सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. मी दुकानात जायच्या आधी आणि सुटल्यावर तिथे जाऊन बसायची. डॉक्टर आपलं काम करायचा, मी पेटीशेजारी बसून साहेबांना दुकानातल्या गप्पा सांगायची. मध्येच तो दुसऱ्या टेबलावरून विचारायचा, मग त्या गिऱ्हाइकीण बाईंनी शेवटी कुठला रंग घेतला? म्हणजे ऐकत असायचा. एकदा त्यानं विचारलं, तुम्ही गप्प कधी बसता का. म्हटलं, टाचण्या असल्या की. तो म्हणाला, मग इथे टाचण्या आणू नका. असं काही म्हणाला की तो लगेच पाठ फिरवून कुणाची तरी नखं कापायला घ्यायचा, आणि मी उगाचच पेटीची काच पुसायची.

मावशीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, साहेब झोपलेत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अंघोळ करतायत. तिला खरं सांगायचं कसं? गुडघ्याच्या दुखण्यानं आधीच ती हैराण, त्यात हे कळलं तर काठी टाकून चालत निघेल. आणि दुसरंही होतं, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते. तिनं आपलं माणूस माझ्या हवाली केलं होतं आणि मी त्याच्या गळ्यात शिसं घातलं होतं. पुढच्या संध्याकाळी ती हट्टालाच पेटली. म्हणाली, फोन त्याच्याजवळ धर, मला त्याचा आवाज ऐकायचाय. पलीकडून तिनं लाडानं विचारलं, “साहेब, झालं का?” आणि थांबली. पेटीत साहेब डोळे मिटून होते. मी भिंतीकडे तोंड केलं, नाक चिमटीत धरलं आणि साहेबांच्या आवाजात म्हटलं, “झालं का?”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग मावशी म्हणाली, बरं, ठेवते.

मी वळले तर दारात डॉक्टर उभा होता, हातात इंजेक्शन. त्यानं साहेबांना इंजेक्शन दिलं, पेटी बंद केली, हात धुतले. एरवी हात धुता धुता तो काहीतरी बोलायचा. आज सगळं निमूटपणे. मग समोर येऊन बसला. म्हणाला, औषध लागू पडतंय, पण मणी पोटात आहेत तोवर शिसं रक्तात झिरपत राहणार. ते काढावे लागतील. उद्या भूल देऊन, नळीनं कोमट पाणी सोडून पोट धुवायचं. आता ते करण्याइतकी ताकद आलीय, पण वय आहे, भुलीतून उठतीलच असं सांगता येत नाही.

“काढा,” मी म्हटलं. “जबाबदारी माझी.”

“मावशींना विचारा.”

“तिला मी नंतर सांगीन. सगळं नीट झालं की.”

“आणि नाही झालं तर?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “जबाबदारी तुम्ही घ्याल हो. पण निरोप घ्यायचा असेल तर तो त्यांचा आहे. तो तुम्ही त्यांच्याकडून काढून घेताय.”

खरं कुणी तोंडावर सांगितलं की मी चवताळते. मी वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला काय, तुमच्या बशीत आणखी चार मणी पडतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. मी घरी आले, आणि ती निळी खोळ टराटरा उसवत बसले.

सकाळी इस्पितळात मावशीकडे गेले. ती दोन कठड्यांच्या मध्ये एकेक पाऊल टाकायचा सराव करत होती, कपाळावर घाम. मला बघून थांबली. मी सुरुवात कुठून करावी ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, मावशी, काल साहेब बोलले नाहीत. मी बोलले.

“माहीत आहे,” मावशी म्हणाली. “बोलण्याआधी तू दम घेतलास. साहेब कधी दम घेऊन बोलत नाहीत. रात्रभर वाट बघितली, तू फोन करशील म्हणून. मला वाटलं, गेलाच तो.”

रात्रभर ती तो गेला असं समजून पडून राहिली होती, एकटी. मी तिला दगदग नको म्हणून गप्प बसले होते आणि तिला सगळ्यात वाईट तेच देऊन ठेवलं होतं. तिथेच कठड्याला धरून मी रडले. सगळं सांगितलं, खोळ, दुमड, मणी, काही वगळलं नाही. ती ऐकत राहिली. चिडली नाही, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. शेवटी म्हणाली, “डॉक्टर कसा आहे?”

“खरं बोलतो,” मी म्हटलं.

“मग करू देत. पण तू तिथे आत बस. भुलीच्या आधी साहेबांना माझा आवाज ऐकव, खरा. आणि घाबरून पळून येऊ नकोस.”

दवाखान्यात पोचले तेव्हा तो सगळी तयारी मांडून बसला होता. मी येणार हे त्यानं धरलं होतं, किंवा येईन अशी आशा केली असेल. मी म्हटलं, बशीचं काल जे बोलले ना... त्यावर तो म्हणाला, मी ऐकलंच नाही. मग लगेच मान खाली घालून, “नाही, ऐकलं. लागलंही.”

“चुकलं माझं.”

“हो,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे हसले. “चला.”

मी उसवलेली दुमड बरोबर आणली होती. रिकामा भाग किती आहे ते बघून मणी किती गेले असतील याचा अंदाज मी सांगितला, म्हणजे किती काढायचे ते त्याला कळलं. मावशीनं फोनवरून साहेबांशी बोलून घेतलं. काय बोलली ते मी ऐकलं नाही, फोन त्यांच्या कानाशी धरून मी दुसरीकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडावर भुलीचं नळकांडं धरलं आणि साहेब डॉक्टरच्या तळहातावर सैल पडले. एवढा रुबाबदार प्राणी, आणि सगळा मिळून एका ओंजळीत मावत होता.

मी कोमट पाण्याची पिचकारी भरून द्यायची, तो नळीतून सोडायचा, साहेबांचं डोकं खाली करायचा, आणि स्टीलच्या वाडग्यात पाणी पडायचं. कधी नुसतं पाणी, कधी पाण्याबरोबर टण्. प्रत्येक टण्‌ला आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरायला लागला, हात मोकळा नव्हता, तेव्हा मी माझ्या बाहीनं पुसला. पुसून होईपर्यंत तो हलला नाही. शेवटचा एक मणी काही केल्या येईना. आणि मग साहेबांच्या छातीची हालचाल मंदावली. मला वाटलं, आणखी एकदा, एकच. तो म्हणाला, नाही, इथे थांबायचं. एक राहू दे, तो औषधावर निघेल. सगळं काढायच्या नादात मी यांना घालवणार नाही.

भूल बंद केली. साहेब उठेनात. तो बोटाच्या टोकानं त्यांच्या छातीवर हलकेच थोपटत राहिला आणि त्यांच्याशी बोलत राहिला, अगदी बारीक आवाजात, चला साहेब, चला, मावशी वाट बघतायत. मी त्याच्या हाताकडे बघत होते. माझा जीव साहेबांत अडकलेला होता, पण त्या हाताकडे बघताना मला आतून कळलं, की मला हा माणूस हवा आहे. असल्या वेळी हे कळावं याची मला लाजच वाटली. मग साहेबांचा एक पाय आकसला. मग त्यांनी डोळा उघडला आणि त्याच्या बोटाचा चावा घेतला, कमजोर, पण चावाच. तो हसला आणि त्याच वेळी त्याचे डोळे भरले. रक्त आलंय का बघायला मी त्याचं बोट हातात घेतलं. आलं नव्हतं. मी ते लगेच सोडलं नाही.

पुढचे दिवस साहेब स्वतःहून खाईनात. दोघांनी मिळून भरवावं लागायचं. मी टॉवेलात धरायचं, त्यानं पिचकारीनं पातळ खाणं गळ्यात सोडायचं. दोन डोकी इतकी जवळ यायची की त्याच्या शर्टाला साबणाचा आणि दाण्यांचा वास येतो हे मला पाठ झालं. भरवून झालं की तो चहा करायचा आणि आम्ही खिडकीशी बसायचो. त्यानं सांगितलं, लहानपणी त्याच्या घरी एक पक्षी होता, तो आजारी पडला तेव्हा सगळे म्हणाले झोपलाय, आणि सकाळी पिंजरा रिकामा होता. कुणी त्याला काही सांगितलंच नाही. म्हणून मावशीच्या बाबतीत तो अडून बसला होता. मी ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाही, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो थांबून म्हणाला, टाचण्या आहेत का तोंडात? मी नुसती मान हलवली.

मावशी घरी आली, काठी टेकत. आल्या आल्या तिनं पिंजरा गरम पाण्यानं धुऊन काढला, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी पाहते तर साहेब वाटीवर पाय देऊन दाणे फोडत होते. टरफलं सगळीकडे उडवत, स्वतःच्या चोचीनं, कुणाच्या बापाची भीड न ठेवता. मी टाळ्या पिटल्या. डॉक्टरनं त्यांचं वजन केलं, पायाची पकड पाहिली, परत एक्स-रे काढला. काळ्यावर नुसती हाडं. शेवटचा मणीही गेला होता.

“नेऊ शकता घरी,” तो म्हणाला.

याच वाक्यासाठी मी एवढे दिवस जीव मुठीत धरून बसले होते, आणि ते आल्यावर मला उठवेना. तोही एक्स-रे हातात धरून तसाच उभा. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता.

“एक दिवस आणखी ठेवू या का?” तो म्हणाला.

मी ताडकन उठले. “का? काही दिसलं का त्यात?”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा काहीतरी भयंकर सांगणार.

“नाही,” तो म्हणाला. “पक्षी ठणठणीत आहे. त्याला गरज नाही. मला आहे... तुम्ही उद्यापासून येणार नाही, ते मला जमत नाहीये.”

माझी बोलती बंद झाली. दुकानातल्या कुणीही हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. मी साहेबांना उचलून दवाखान्याच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवलं, कडी लावली, ती लागलीय की नाही ते पुन्हा बघितलं. मग कुठे आवाज फुटला.

“साहेबांना मी आजच नेणार. मावशी दारात खुर्ची टाकून बसलीय. तिला मी आता एक दिवसही थांबवणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

त्यानं मान हलवली. चेहरा उतरला होता.

“पण संध्याकाळी दवाखाना बंद झाला की घरी या,” मी म्हटलं. “पक्षी बघायला येऊ नका. मला भेटायला या.”

“मावशींनी विचारलं कशाला आलात तर?”

“तर जे असेल ते सांगा. खोटं तुम्हाला कुठे जमतंय.”

पिंजरा त्यानंच टॅक्सीपर्यंत आणला. छत्री साहेबांवर धरली आणि स्वतः चिंब भिजला. घरी मावशीनं साहेबांना छातीशी धरलं, बराच वेळ. मग एक हात मोकळा करून माझ्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. धावणार होते, पण मावशी काठी टेकत आधीच दाराशी पोचली होती. तिनं दार उघडलं. मी कानात प्राण आणून ऐकत होते. ती म्हणाली, या डॉक्टर, साहेब मजेत आहेत, आत्ताच जेवले. त्यांना बघायला आलात ना?

“नाही,” तो म्हणाला. “तुमच्या भाचीसाठी आलोय. माझं प्रेम आहे तिच्यावर. तिला अजून या शब्दांत सांगायचं राहिलंय.”

मावशीनं दार पूर्ण उघडल्याचा आवाज आला.

“मग आत या,” ती म्हणाली. “आता सांगायचं राहिलं नाही. ती आतून ऐकतेय.”